वरचा मजला तुम्ही विसरलात

सोमवार, ३ मार्च

जावईबापूंस,

पत्र फोडणार नाही असं तुम्ही फोनवर बजावलं होतंत, तरी लिहितोय. ‘काय बोलायचं ते वकिलामार्फत बोला. पत्र पाठवलंत तर तसंच पडून राहील.’ शब्द तुमचेच. कान अजून शाबूत आहेत माझे, गुडघा तेवढा बदलून घेतला. आणि मी गुडघा बदलून घेत होतो तेव्हा तुम्ही माझं ऑफिस रिकामं करून घेतलंत. मी भूल उतरायची वाट बघत पडलेलो, आणि तुम्ही माणसं, स्क्रीन, खुर्च्या आणि आरोग्य निधीचं अर्धं झालेलं काम टेम्पोत भरत होतात. कॉफीचं यंत्रसुद्धा नेलंत. ते का, हे मला अजून उलगडलेलं नाही. तुम्ही तर कॉफी पीत नाही.

काठी टेकत टेकत मी आलो तेव्हा भिंतींवर फिकट चौकोन उरले होते, स्क्रीन होते त्या जागी. खिडकीतली कुंडी ठेवली होतीत. पाणी न घालता. माझ्या टेबलावर चिठ्ठी: ‘खालचे दोन मजले नेतोय, ते माझ्या मेहनतीचे आहेत. वरचा मजला तुम्हाला राहू दे, आठवण म्हणून.’

हे मजल्यांचं प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे, पण उद्या हे पत्र खरंच कुणा वकिलाच्या हाती पडलं तर त्या बिचाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. आपण माहितीची घरं बांधतो. प्रत्येक घर तीन मजली. वरच्या मजल्यावर माणसांची भाषा: सदस्य म्हणजे कोण, कुटुंबीय कुणाला म्हणायचं, आजारपण कुठून सुरू झालं असं धरायचं. मधल्या मजल्यावर त्याचीच शिस्त: कोण कुणाला जोडलेलं, एका सदस्यामागे कोण कोण. आणि खालच्या मजल्यावर संगणकाला कळतील असे तक्ते. वरच्या प्रत्येक चौकटीपासून खालच्या तक्त्यापर्यंत एक धागा जातो. वर शब्द हलला की खाली लाल ठिपका पेटतो. कुणीतरी तो बदल वाचायचा, मान्य करायचा, की खालचं वरच्यासारखं होतं. आपल्याकडे एक शिरस्ता होता: मान्य करताना शेऱ्यात आधी ‘वाचलं’ असं लिहायचं. तुम्ही त्याला म्हाताऱ्याचं खूळ म्हणायचात. मी तरुणपणी कचेरीच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचो, जावईबापू. न वाचता सही ठोकणारे साहेब मी तिथं बसून मनसोक्त पाहिलेत. खूळ तिथून आलंय.

वरचा मजला मी कानांनी बांधला. सदस्यांच्या वर्गणीतून घरच्यांचे उपचार भागवणाऱ्या त्या निधीच्या खिडकीशेजारच्या बाकावर बसून. एक आजोबा खिडकीत विचारत होते, ‘बायको गेली. तिची बहीण माझं सगळं करते. तिला अर्जात काय म्हणू?’ ते वाक्य मी जसंच्या तसं ‘कुटुंबीय’ या चौकटीखाली टिपलं. तुम्ही हसलात. ‘बाबा, संगणक गप्पा खात नाही.’

तर गप्पा मला ठेवून तुम्ही गेलात. माझी मुलगीही गेली, आमची भिंगरी. जाताना ती म्हणाली, ‘बाबा, त्याला तुम्ही कधी घरचा मानलंच नाहीत. पाटीवर नाव घालायचं दोन वर्षं नुसतं बोललात.’ तिला सांगा, पाटीचं लाकूड आलं नव्हतं.

तुमचा सासरा

मंगळवार, ११ मार्च

जावईबापूंस,

आज एक गंमत झाली. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी रिकाम्या ऑफिसात बसलो होतो. करायला काही नाही, म्हणून वरचा मजला उघडला. त्याचा सर्व्हर माझ्या नावावर आहे, भाडं मी भरतो, तो तुम्हाला उचलता येण्यासारखा नव्हता. ‘विधवा सून’ या चौकटीत मला जुना एक सल होता, तो एका वाक्यानं दुरुस्त केला. सवय म्हणून. आणि डबा खाऊन येतो तोवर स्क्रीनवर सूचना: ‘आपला बदल खालच्या मजल्यावर मान्य झाला. शेरा: ओके.’

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, हसू नका. खालचा मजला? माझ्याकडे खालचा मजला आहे कुठे? तो तर टेम्पोतून गेला!

मग लख्ख उजेड पडला. तुम्ही खालचे दोन मजले धाग्यांसकट उचललेत. धाग्यांचं वरचं टोक अजून माझ्याकडे बांधलेलं. मी इथं वाक्य लिहितो, तिकडे तुमच्याकडे ठिपका लाल होतो, आणि तुमचा तो चष्मिस, ज्याला मी नोकरी दिली, लग्नाला रजा दिली, तो डोळे न उघडता ‘ओके’ ठोकतो.

तुम्ही धागे विसरलात असं मी समजत नाही. तुम्ही हुशार आहात, म्हणून तर मुलगी दिली. तुम्ही ते मुद्दाम ठेवलेत. धागा कापला की स्क्रीनवरची नावं, सूचना, अर्थ, सगळं कोरं होतं, कारण ते सगळं वरून येतं. ते नव्यानं लिहायचं तर खिडकीशेजारी बाकावर बसावं लागतं, आणि तुम्हाला बसायला गादी लागते. तुम्ही म्हणाला असाल, म्हातारा आता कशाला संगणक उघडतोय. प्रात्यक्षिक होऊन काम पदरात पडेपर्यंत चालू दे, मग बघू.

पंधरा एप्रिलला निधीच्या समितीपुढे प्रात्यक्षिक. त्यावरून ठरणार की निधीचं सगळं काम तुमच्या नव्या ऑफिसला जाणार की माझ्या जुन्याला. मीही अर्ज भरलाय, कळलं असेलच. निधी म्हणजे माझं निम्मं आयुष्य. ते काम गेलं तर मी पाटी उतरवून घरी बसेन, आणि तुम्ही तेच धरून चाललाय.

तुमच्याच माणसांच्या नाकाखालून जाणारी दोरी माझ्या हातात आहे. अजून ओढलेली नाही. नुसती धरून बसलोय. फार दिवसांनी जेवण गोड लागलं.

तुमचा सासरा

गुरुवार, २० मार्च

जावईबापूंस,

तुमच्या सासूबाई आणि आमची भिंगरी फोनवर बोलतात. मी समोर असलो की स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात. दार पातळ आहे.

‘पत्रं येतात का गं ह्यांची?’

भिंगरी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तुमच्या सासूबाईंनी ते मोठ्यानं पुन्हा म्हटलं, ही त्यांची खोड तुम्हाला माहीत आहे. ‘फोडतच नाही? चपलांच्या कपाटावर पडून असतात? अगं बाई!’

मग बराच वेळ नुसतं ‘हं... हं...’ आणि शेवटी, ‘तू खातेस ना वेळेवर?’

दार उघडून बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘ऐकलंत सगळं?’

‘मी पेपर वाचत होतो.’

‘उलटा?’

असो. तेव्हा पत्रं चपलांच्या कपाटावर. उत्तम. म्हणजे मी काय करणार ते तुम्हाला आधी कळवून करतोय, आणि तरी तुम्हाला कळणार नाही. कुणी उद्या म्हणू नये की सासऱ्यानं पाठीत वार केला. मी समोरून, तारीख घालून, तिकीट लावून करतोय.

आज मोह झाला होता. ‘सदस्य’ ही चौकट पुसून टाकायची. नुसती एक कळ. सदस्य गेला की कुटुंबीय अधांतरी, दावे अधांतरी, मधला मजला ढासळला, खालचे तक्ते एकामागून एक आडवे. चष्मिसनं ‘ओके’ ठोकलं असतं आणि मग तुम्ही सगळे केस उपटत बसला असतात. बोट कळीवर ठेवलं होतं.

नाही केलं. दया वगैरे समजू नका. ज्या आजोबांनी मेहुणीचं विचारलं, त्यांच्या वाक्यासकट सगळं गेलं असतं. मला घर पाडायचं नाही. मला तुम्हाला पाडायचंय, आणि तेही लोकांसमोर. शिवाय पडझडीनंतर तुम्ही ‘म्हाताऱ्यानं घात केला’ म्हणून गळा काढला असतात आणि समितीनं तुम्हाला पाणी दिलं असतं. छे! तुम्ही माझ्यामुळे पडलात असं कुणाला म्हणता येता कामा नये. तुम्ही तुमच्यामुळे पडायला हवेत.

कसं ते अजून सुचलेलं नाही. बाकावर बसलो की सुचेल.

तुमचा सासरा

बुधवार, २ एप्रिल

जावईबापूंस,

सुचलं नाही. आयतं चालून आलं.

सकाळी खिडकीशेजारच्या बाकावर गुडघा लांब करून बसलो होतो. खिडकीवरच्या बाई शिक्के मारता मारता म्हणाल्या, ‘काका, तुमच्या मनासारखं झालं बघा!’

‘माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक?’

‘अहो, अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. समितीनं काल ठराव केला. जावयाला कुटुंबीय धरायचं तर आता सदस्याची संमती लागणार. संमती नाही, तर जावई नाही.’

‘का बरं?’

‘कटकटी हो! सासऱ्याशी तोंड नाही, आणि उपचार सासऱ्याच्या वर्गणीवर. एक सासरेबुवा तर परवा इथं येऊन कागद फेकून गेले. म्हणाले, माझ्या पैशानं त्याचे दात बसवता?’ बाई हसता हसता खोकल्या. ‘तो बघा, फलकावर लावलाय. वाचा नीट.’

वाचला. खिडकीच्या उजव्या हाताला, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. तुम्हालाही दिसला असता. पण तुमची गाडी मागच्या दाराशी लागते आणि तुम्ही थेट लिफ्टनं वर जाता.

ऑफिसात येऊन मी वरच्या मजल्यावर ‘जावई’ ही चौकट उघडली आणि ठरावात आहे तेवढंच लिहिलं. सदस्याची संमती असेल तरच जावई कुटुंबीय. संमतीचा रकाना कोरा असेल तर नाही असंच धरावं. एक अक्षर इकडे नाही, तिकडे नाही. आणि स्क्रीनवर दिसायची सूचना माझ्या अक्षरात, म्हणजे माझ्या शब्दांत: ‘सदस्याची संमती नसल्यामुळे हे जावई कुटुंबात धरलेले नाहीत.’

आता तुम्हाला आठवण करून देतो. सरावासाठी म्हणून भिंगरीनं आपलंच कुटुंब आत भरलं होतं. सदस्य मी. पत्नी तुमच्या सासूबाई, त्यांना तिनं दमा दिला होता. मला मधुमेह दिला होता, आणि मी तक्रार केल्यावर म्हणाली होती, ‘बाबा, खोटा आहे, गोड खा.’ तुमचा हात मोडला होता. किती हसलो होतो तेव्हा. तुम्हीसुद्धा, तो न मोडलेला हात पोटावर धरून.

प्रात्यक्षिकात तुम्ही तेच कुटुंब दाखवणार. नवं भरायला माणसांना प्रश्न विचारावे लागतात. आणि दावा दाखवायचा तर तुम्ही नेहमी मोडलेला हात घेता, कारण त्याला कागद कमी लागतात.

तुमच्या संमतीचा रकाना कोरा आहे, जावईबापू.

हे सगळं मी तुम्हाला प्रात्यक्षिकाच्या आधी, स्वच्छ शब्दांत कळवलं आहे. चपलांच्या कपाटावर शोधा.

तुमचा सासरा (तूर्त)

सोमवार, १४ एप्रिल

जावईबापूंस,

एवढे दिवस तुमच्याकडचा ठिपका लाल तो लालच. मला घाम फुटला. विधवा सुनेचं वाक्य चष्मिसनं जेवणाच्या सुट्टीत गिळलं, मग हे एवढं का चावतोय? तुम्हाला कळलं की काय? पत्र फोडलंत की काय? रोज सकाळी ठिपका बघतो, रोज लाल. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘परीक्षेचा निकाल लागायचाय का तुमचा?’

आज दुपारी सूचना आली. बदल मान्य. शेरा उघडून बघायची गरज वाटली नाही. ‘ओके’च असणार.

उद्या भेटूच. तुम्ही आत, मी बाहेर. तुमचा नंबर पहिला आहे. मी बाहेरच्या बाकावर बसेन. त्या खोलीचं दार खाली दोन बोटं उचललेलं आहे, पाहून ठेवलंय.

नवा सदरा इस्त्री करून ठेवलाय.

तुमचा सासरा

बुधवार, १६ एप्रिल

जावईबापूंस,

काल तुम्ही आत होतात, आणि मी दाराबाहेर. तेव्हा आत काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मी तुम्हाला ऐकवतो.

सुरुवात झकास केलीत. मधुमेह, दमा, सगळं गुळगुळीत. मग तुम्ही म्हणालात, ‘आता हे जावई. हात मोडलाय. दावा भरू या.’ कळ दाबल्याचा आवाज आला.

कुणीतरी मोठ्यानं वाचलं, ‘सदस्याची संमती नसल्यामुळे हे जावई कुटुंबात धरलेले नाहीत.’ कुणीतरी फस्सकन हसलं.

जावईबापू, इथं तुम्ही नुसते गप्प बसला असतात ना, तरी काम तुमचं होतं. गप्प बसून मान डोलावली असतीत तरी. स्क्रीनवरचं ठरावाप्रमाणे बरोबरच होतं, म्हणून तर मी घाबरलो होतो. पण तुम्ही म्हणालात, ‘माफ करा, हा दोष आहे. जुन्या ऑफिसकडून आलेली घाण. आत्ता काढून टाकतो.’

अध्यक्षबाईंचा आवाज: ‘काय काढता?’

‘ही संमतीची अट. चुकून आली आहे.’

‘चुकून? अहो, ती आम्ही घातली आहे. ठराव केलाय. खाली फलकावर लावलाय दोन आठवडे.’

‘हो हो... म्हणजे ते आमच्या टीमनं...’

‘टीमनं केलं असेल तर तुम्ही काढता कशाला?’

खुर्ची करकरली. तुमचीच. तुम्ही अडचणीत आलात की मागे रेलता.

‘मला एवढंच सांगा,’ बाई म्हणाल्या, ‘तुम्हाला ठराव माहीत नाही. मग तुमच्या घरात ही अट आणून ठेवली कुणी?’

आणि दोन महिन्यांपूर्वी ज्या माणसाला तुम्ही आठवण म्हणून गप्पा ठेवून आलात, त्याचं नाव घ्यायची वेळ तुमच्यावर आली. हळूच म्हणालात. मी ऐकलं. ‘सासरे. वरचा मजला त्यांचा आहे. आमचं सगळं... त्याला जोडलेलं आहे.’

‘मग त्यांना आत बोलवा.’

दार तुम्ही उघडलंत. तुमचं तोंड बघण्यासारखं होतं, पण मी सभ्य माणूस आहे, सदऱ्याच्या बाहीकडे बघत उठलो. ‘बाबा, आत बोलावलंय.’ ऑफिस सोडून गेल्यापासून पहिल्यांदा बाबा म्हणालात, आणि तेही समितीच्या सांगण्यावरून.

माझ्याकडे दाखवायला वरचा मजलाच होता. तो दाखवला. मेहुणीवाल्या आजोबांचं वाक्य वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘हे आमच्याच खिडकीतलं बोलणं आहे!’ मी म्हटलं, ‘मग, दुसरीकडून कुठून आणणार?’ पुढचं तुम्हाला आज निधीकडून कळलं असेल. काम माझ्याकडे आलंय.

आता माझ्या अटी. शनिवारपर्यंत खालचे दोन मजले धाग्यांसकट परत. माणसं परत, चष्मिससुद्धा. त्याला मी वाचायला शिकवीन. कॉफीचं यंत्र सगळ्यात आधी. तुम्हाला यायचं असेल तर या, खुर्ची आहे, गादी नाही. पण कर्मचारी म्हणून. ती चौकट वेगळी आहे, आणि तिच्यापासून कुटुंबीयांच्या चौकटीपर्यंत धागा नाही. संमतीचा रकाना कोरा आहे आणि मी जिवंत आहे तोवर कोराच राहील. हा राग उतरेल असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा.

इथंच पत्र संपवणार होतो. पण काल रात्री... नाही, आज सकाळी, विजयाच्या आनंदात मी तो शेरा उघडून पाहिला. चष्मिसचं ‘ओके’ कुशीत घेऊन हसावं म्हणून. तिथं ‘ओके’ नव्हतं.

तिथं लिहिलं होतं: ‘वाचलं. पत्रंसुद्धा. मान्य.’

आपल्या ऑफिसात आधी ‘वाचलं’ लिहिणारं एकच माणूस उरलं होतं, भिंगरी. ठिपका इतके दिवस लाल का होता, ते मला तेव्हा कळलं. ती रोज बघत होती. आपलं कुटुंब तिनंच आत भरलेलं, तेव्हा कळ दाबल्यावर समितीपुढे काय उमटेल ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. नवऱ्याला एका शब्दानं सावध करता आलं असतं. ठिपका तसाच लाल ठेवता आला असता. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. तिचं तुमच्याशी काय बिनसलंय ते मी विचारणार नाही. दार पातळ असलं तरी तिच्या घराचं दार माझ्या कानांच्या टप्प्यात नाही.

तेव्हा जावईबापू, हे पत्रही तुम्ही फोडणार नाही, हे गृहीत धरून लिहितोय; खालचं तुमच्यासाठी नाही.

भिंगरे, तुझा राग माझ्यावरही आहे, हे ‘मान्य’वरून कळतं, प्रेमानं लिहिलं असतंस तर दोन शब्द जास्त असते. असू दे. राग तुला माझ्याकडूनच आलाय, चांगल्या प्रतीचा आहे. पाटीचं लाकूड काल आणलं. रंगाऱ्यानं विचारलं, नाव कुणाचं? मी तुझं सांगितलं.

आणि ठराव पुन्हा एकदा नीट वाच. संमती फक्त जावयाला लागते. मुलीच्या चौकटीत समितीनं काही घातलेलं नाही, मीही घातलेलं नाही. ती कुठेही राहायला गेली, बोलली, न बोलली, तरी कुणाला न विचारता आत असते.

दार उघडंच आहे. खिडकीतल्या कुंडीला मी पाणी घातलंय. पानं फुटताहेत.

बाबा